तीन भेटींचा अहवाल

खोट्या सह्या केल्याबद्दल कोर्टाने त्याला तुरुंगात न धाडता वर्षभर प्रोबेशन अधिकारी बाईंच्या देखरेखीखाली सोडलं होतं. बाईंकडे समाजकार्याच्या दोन पदव्या होत्या, वेळ मात्र औषधालाही नव्हता. त्याच्या घरी द्यायच्या तीन भेटी राहूनच गेल्या, आणि अहवाल तर आजच हवा होता. बाईंनी भराभर तीन महिन्यांच्या तीन तारखा टाकल्या आणि कागद त्याच्यापुढे सरकवला.

"इथं, इथं आणि इथं सही कर."

त्याला राहवेना. "बाई, तीन महिन्यांच्या भेटी आणि शाई एकच? शेंबडं पोरसुद्धा पकडेल!"

बाई ओशाळल्या. त्याने सांगितलं तसं त्यांनी पेनं बदलून सगळं पुन्हा लिहिलं, आणि शेवटच्या रकान्यात अगदी मनापासून शेरा मारला: 'जुनी सवय पूर्ण सुटली आहे. आता लोकांच्या उपयोगी पडतो.'