न धुतलेला तुकडा

बाजारामागच्या गल्लीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. मध्ये बरणीबाबा, हातात काचेची बरणी, बरणीत पाल. दीड महिन्यापूर्वी बाबाने सगळ्यांदेखत तिची शेपूट तोडून हिरवा लेप लावला होता. आज तिला नवीकोरी शेपूट होती.

"गेलेलं उगवतो, मेलेलं जागवतो," बाबा म्हणाला. "फक्त टाके घालू नका. सुई लागली की लेप रुसतो."

शिंपीणबाई भारावून गेल्या. आठवड्यापूर्वी कात्री सटकून त्यांच्या अंगठ्याचा मज्जातंतू तुटला होता. चिमटीत सुई आहे की नाही तेच कळेना. उद्या ऑपरेशन होतं. दुकानात परतताच त्यांनी ते रद्द करून टाकलं. जन्म सुईवर काढलेल्या बाईला सुईचीच भीती वाटावी, याला काय म्हणावं?

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या भाचीने डोकेफोड केली. मावशी ढिम्म. शेवटी तिने विचारलं, "मावशी, कापड आटतं का, हे तू कसं बघतेस?"

"एक तुकडा धुते, एक तसाच ठेवते. मग दोन्ही मापते."

"मग बाबाचा न धुतलेला तुकडा कुठाय?"

 मावशींची नजर भिंतीवरच्या आरशाकडे गेली. त्यामागे राहणाऱ्या पालीची शेपूट दोन महिन्यांपूर्वी दुकानाच्या दारात चिरडली होती. वळवळता तुकडा त्यांनीच केरात टाकला होता. आता तिलाही नवी शेपूट होती, जरा आखूड, फिक्या रंगाची.

"हिला कुणी लेप लावला?" मावशी पुटपुटल्या.

मग भाचीने सांगितलं. पालीच्या तुटल्या जागी मज्जारज्जू वाढू लागतो, रासायनिक निरोप धाडतो, पेशी जमतात आणि शेपूट होते. माणसाला तेवढं जमत नाही. पण तुटलेल्या तंतूची टोकं वेळेत शिवली, तर तो दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर पुढे सरकतो.

"म्हणजे शिवणकामच की," मावशी म्हणाल्या.

ऑपरेशन पुन्हा ठरलं. सकाळी दवाखान्याच्या वाटेवर त्यांनी भरगर्दीत बाबाला आपल्या पालीची हकिकत विचारली. बाबा अडखळला. म्हणाला, तिची श्रद्धा असेल. पालीची श्रद्धा ऐकून गल्ली खो खो हसली आणि बाबाने बरणी आवरली.

चार महिन्यांनी काज करताना अंगठ्यात सुई टोचली. इतकं दुखलं की मावशींच्या डोळ्यांत आनंदाने पाणी आलं.

तेव्हा कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: न धुतलेला तुकडा कुठे आहे?