रिकाम्या ड्रमची परतीची खेप

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मला डबा म्हणायचं नाही. डब्यात साखर ठेवतात. मी ड्रम आहे. जुना आहे, अंगावर पोचे आहेत, निळा रंग आता नावापुरताच उरलाय, पण ड्रम आहे. पोटात दोनशे लिटर डिझेल घेऊन मी समुद्र पोहून आलोय, आणि तेही एकदा नाही. तुमच्या घरातल्या कोणत्या डब्याला हे जमलंय, सांगा बरं!

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्रा गोल वाकवला, सांधा जोडला, रंग दिला आणि डोक्यावर आट्यांचं एक बूच बसवलं. बुचाच्या खाली रबराचा छोटासा वॉशर होता. त्या वॉशरकडे तेव्हा मी ढुंकूनही पाहिलं नाही. पुढे त्यानेच आमची लाज काढली, आणि त्यानेच राखली.

डेपोत माझं पोट भरलं. मग मला ट्रकमध्ये चढवलं, बंदरावर उतरवलं आणि बोटीत चढवलं. जिथे जिथे कोणी हात लावला तिथे तिथे हमाली वाढली. पुढे बोटीचा लांबलचक प्रवास. तिच्या इंजिनालाही डिझेलच लागायचं. म्हणजे डिझेल न्यायचं तर आधी डिझेल जाळायचं, आहे की नाही गंमत! पण ज्यांना त्याचे पैसे मोजावे लागत त्यांना यात गंमत वाटत नव्हती.

आमचं बेट अगदी टीचभर. त्याला धक्का नाही, किनाऱ्यालगत सगळे खडक आणि उथळ पाणी. मोठी बोट लांबच नांगर टाकायची. तिथे खलाशांनी फळी लावली आणि मला सरळ समुद्रात ढकलून दिलं. माझी पाचावर धारण बसली. वाटलं, आटोपलं सगळं, आता तळाशी जाऊन गंजायचं. पण डिझेल पाण्यापेक्षा हलकं असतं, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं? एक गटांगळी खाल्ली आणि मी वर आलो. आम्हा सगळ्यांना एका जाड दोराला बांधलं होतं आणि किनाऱ्यावरून अख्खं बेट तो दोर ओढत होतं.

ओढणाऱ्यांत सगळ्यांच्या पुढे एक बाई होती. तिला सगळे मावशी म्हणायचे, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. बेटावर डिझेल विकण्याचं काम तिचं. पंपबिंप काही नव्हता. पत्र्याची शेड, एक माप, एक नरसाळं आणि गाळायला स्वच्छ फडकं, एवढाच तिचा पसारा. शेडच्या दारावर पाटी टांगलेली होती आणि तिच्यावर खडूने भाव लिहिलेला असायचा. तो भाव मुख्य भूमीवरच्या भावाच्या तिप्पट होता.

लोक तोंडावर काही बोलायचे नाहीत. पण माप घेताना पाटीकडे बघायचे, मग मावशीकडे बघायचे. त्यांना वाटायचं, ही मधल्यामध्ये खाते. मावशीला ते कळायचं. ती मापाच्या काठाला लागलेला शेवटचा थेंबसुद्धा बोटाने निपटून गिऱ्हाइकाच्या कॅनमध्ये टाकायची. मला शेडमध्ये उभ्या उभ्या तिच्यासाठी फार वाईट वाटायचं.

तिचा धाकटा भाऊ होडीवाला होता. बेटावर इंजिनाची होडी ती एकच. सकाळी मुलांना पलीकडच्या मोठ्या बेटावरच्या शाळेत सोडायचं, संध्याकाळी आणायचं, कोणी आजारी पडलं तर दवाखान्यात पोचवायचं, सगळं त्याच्याच जिवावर. पण महागाच्या डिझेलने तो पार मेटाकुटीला आला होता. होडीचं भाडं वाढवावं तर लोकांना झेपत नव्हतं, न वाढवावं तर त्याच्या घरात चूल पेटणं कठीण. एक दिवस तो कॅन घेऊन आला आणि पाटीसमोर बराच वेळ उभा राहिला.

"ताई, हंगाम संपला की इंजिन विकतो," तो म्हणाला. "मी आणि बायको मुख्य भूमीवर कामाला जातो. तू भावाकडूनसुद्धा एवढं घेतेस, मग मी कोणाच्या भरवशावर राहू?"

मावशीने त्याचा कॅन मापून भरून दिला. तो गेल्यावर ती माझ्या अंगावर हात टेकून उभी राहिली. होडी बंद पडली की शाळेची मुलं घरी बसणार. मग आईबाप मुलांना घेऊन जाणार. मग बेटावर उरणार कोण? भाऊ तर जाणारच होता, आणि जाताना बहिणीबद्दल मनात अढी घेऊन जाणार होता. मावशीची भावजय तर आवराआवरीला लागलीसुद्धा. तिने घरातली मोठी पत्र्याची पेटी पुसून ठेवली आणि त्यात कपडे भरायला घेतले.

त्या महिन्यात बोट आली तेव्हा मावशी होडीत बसून थेट कप्तानाकडे गेली. परत आल्यावर तिने शेडमध्ये भावाला सगळं बोलणं ऐकवलं, म्हणून मलाही कळलं. भाव एवढा का, असं तिने विचारलं होतं. कप्तान माणूस रोखठोक. तो म्हणाला, येताना बोट भरलेली असते, जाताना रिकामी. रिकामी बोटही डिझेल खाते, तेव्हा जाण्याचं भाडंही तुमच्याच माथी. बेटावरची सुकी मासळी न्या की मग, असं मावशी म्हणाली, तर तो हसला. होडीतून आणता आणता लाटांनी पोती भिजतात, भिजलेली मासळी कुजते, आणि ती घाण माझ्या बोटीत नको, म्हणाला.

आणखी एक भानगड होती, ती आमची, म्हणजे ड्रमांची. रिकाम्या ड्रमलाही बोटीत जागा लागते म्हणून त्याचंही भाडं पडायचं. त्यामुळे बेटावरून ड्रम परत म्हणून कोणी पाठवायचंच नाही. दर खेपेला नवे ड्रम यायचे आणि त्यांची किंमत डिझेलच्या भावात मिसळायची. जुन्या ड्रमांची मात्र बेटावर रेलचेल. कोणात पाणी भरलेलं, कोणात कोंबड्या, कोणावर फळी टाकून केलेला बाक. मीही रिकामा झालो तेव्हा मला शेडमागे आडवा टाकला. घरंगळू नये म्हणून शेजारच्या दोन ड्रमांशी बांधून ठेवलं. एक शेळी होती, ती आमच्यावर चढून दिवसभर समुद्र बघत बसायची. समुद्र पोहून आलेला मी, आणि माझी किंमत काय, तर शेळीचा ओटा! मित्रांनो, फार मनाला लागलं ते.

आणि मग उधाण आलं. नेहमी येतं त्याहून मोठं. पाणी शेडच्या मागपर्यंत चढलं आणि ओसरताना आम्हा तिघांना अलगद उचलून घेऊन निघालं. शेळी वरच. लोक किनाऱ्यावर धावले. शेळीवाली म्हातारी कपाळावर हात मारून बसली. आम्ही मात्र आरामात डुलत चाललो होतो. होडीवाल्याने दोर टाकून आम्हाला ओढून आणलं, तेव्हा शेळी उतरली आणि काही घडलंच नाही अशा थाटात निघून गेली.

मावशी तिच्या मागे धावली. तिने शेळीचे पाय चाचपले, मग पोट चाचपलं. लोकांना वाटलं, हिच्या डोक्यावर परिणाम झाला.

"कोरडी आहे," मावशी म्हणाली. "अरे, शेळी कोरडी आहे!"

झालं, तिथून मावशीला दम निघेना. रिकामे ड्रम एकत्र बांधायचे, वर फळ्या ठोकायच्या, फळ्यांवर मासळीची पोती. भरलेले ड्रम ज्या दोराने इकडे येतात त्याच दोराने हा तराफा तिकडे जाणार. माल वर, पाणी खाली. बोटीवर पोचल्यावर माल उतरवायचा, तराफ्याचे दोर सोडायचे आणि ड्रमही बोटीत चढवायचे. ती घरोघर ड्रम मागत फिरली. कोंबड्या बेघर झाल्या, बाकावरची म्हातारी मंडळी कुरकुरत जमिनीवर बसली. तराफ्यात पुढचा मान मला मिळाला, कारण उधाणात मी पास झालो होतो ना!

पुढच्या बोटीला पहिली चाचणी झाली आणि आमची फजिती झाली. निम्म्या वाटेवर तराफा एका बाजूला कलला, पोती घसरली, मासळी समुद्रात. ज्या मासळीला पाण्यातून काढलं, वाळवलं, तिला आम्ही पुन्हा पाण्यात पोचवलं. खलाशी कठड्याला धरून हसत होते. डाव्या बाजूच्या दोन ड्रमांत पाणी शिरलं होतं. बुचं होती, घट्टही होती, पण खाली वॉशरच नव्हते. रिकाम्या ड्रमच्या बुचाला वॉशर हवा कशाला, म्हणून लोकांनी ते कधीच काढून घरच्या नळांना लावले होते.

कप्तानाने मावशीला निरोप पाठवला. अजून एक खेप बघतो. माल कोरडा आला तर जाण्याचं भाडं मालावर धरीन आणि ड्रम फुकट नेईन. ओला आला तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. होडीवाल्यानेही सांगून टाकलं की त्याच बोटीने इंजिन जाणार, गिऱ्हाईक ठरलंय.

मग जी धांदल उडाली ती काय सांगू! मावशीने प्रत्येक नळ तपासला. आधी लोक लपवत होते, मग एकेकाला लाज वाटली आणि लोक आपणहून वॉशर आणून द्यायला लागले. घराघरांत नळ ठिबकू लागले, खाली भांडी लागली. मावशी एकेक बूच स्वतः आवळायची आणि ड्रम पाण्यात दाबून बुडबुडा येतो का ते बघायची. माझं बूच तर तिने दोनदा आवळलं. जीव कासावीस झाला, पण हूं की चूं केलं नाही.

बोट आली. किनाऱ्यावर ताडपत्रीत गुंडाळलेलं इंजिन ठेवलेलं होतं आणि शेजारी ती पत्र्याची पेटी. आधी भरलेले ड्रम आले. मग पोती चढली, बोटीवरच्यांनी दोर ओढायला घेतला आणि आम्ही निघालो. ज्या जागी मागच्या वेळी घात झाला तिथेच एक लाट आडवी आली. ती मी छातीवर घेतली. तराफा वर गेला, खाली आला, आणि सरळ राहिला! मागे किनाऱ्यावर अख्खं बेट टाचा उंचावून बघत होतं.

कप्तानाने पहिल्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. बाहेर काढला, बघितला. मग तो कठड्यापाशी आला आणि त्याने तो कोरडा हात किनाऱ्याकडे उंच धरला. मित्रांनो, तिकडून जो ओरडा उठला ना, तो ऐकून माझ्या पत्र्यावर काटा आला. मी, रिकामा ड्रम, शेळीचा ओटा, बेटाचा माल घेऊन पोचलो होतो!

पुढचं मी पाहिलं नाही, कारण मी बोटीत बसून भरायला चाललो होतो. मी परत आल्यावर शेडमध्ये ऐकलं, बेटभर तीच चर्चा होती. मावशीने म्हणे त्याच दिवशी पाटीवरचा भाव तळहाताने पुसला आणि नवा लिहिला. निम्म्यावर आला होता. पाटीसमोर होडीवाला उभा होता. "ताई, मी तुला काय काय बोललो," एवढंच त्याला म्हणता आलं. मावशी म्हणाली, "कॅन आण, उशीर होतोय मुलांना." त्याने इंजिन पुन्हा होडीवर चढवलं.

आणि संध्याकाळी तिची भावजय ती पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन शेडमध्ये आली. पेटी रिकामी होती.

"वन्सं, ही इथेच ठेवा," ती म्हणाली. "वॉशर ठेवायला होईल. आम्हाला आता लागायची नाही."

ती पेटी अजून माझ्या शेजारीच आहे. मी पुढे कितीतरी खेपा केल्या, भरून आलो आणि तराफा होऊन गेलो. आता माझा तळ झिजलाय, म्हणून मला शेडच्या दारात उभं केलंय आणि भावाची पाटी माझ्या पोटावर टांगलीय. पण कोंबड्या ठेवायला मला कोणी नेत नाही, मावशीची सक्त ताकीद आहे.

तेव्हा मित्रांनो, या म्हाताऱ्याचं एवढं ऐका. डिझेल सांडू नका, प्रत्येक थेंब कोणीतरी ओढून आणलेला असतो. बूच लावाल तेव्हा वॉशर आहे का ते बघा. आणि तुमच्या दारी भरून आलेल्याला रिकामं परत पाठवू नका. हे बघा, होडी निघाली. आज मुलांची गर्दी जरा जास्तच दिसतेय.