अकरा महिन्यांची सही

उमाशंकर सरांनी कागद टेबलावर सरकवला आणि त्यावर पेन ठेवलं. पेनाचं टोपणसुद्धा स्वतःच काढून ठेवलं होतं. शिवांगीला तेवढेही कष्ट पडू नयेत, ही त्यांची माया.

"कर सही. उद्या अकराला सरकारी योजनेचे तपासणीवाले येऊन राहिलेत."

शिवांगीने कागद वाचला. ‘गेल्या बारा महिन्यांत रुग्णालयाच्या सर्व सर्व्हरवर सुरक्षेचे पॅच दर महिन्याला वेळेवर बसवण्यात आले आहेत.’ खाली तिचं नाव आणि हुद्दा छापलेला. फक्त सहीची जागा रिकामी होती. तिने पेन उचललं, टोपण लावलं आणि सरांच्या बाजूला ठेवून दिलं.

"सर, हे खोटं हाय. अकरा महिन्यांत एक पॅच बसला न्हाई."

"मग? सगळे दवाखाने असंच लिहून देतात."

"देत असतील. मी न्हाई देणार."

सरांनी आधी दाराकडे बघितलं, मग तिच्याकडे. सहा वर्षांत ही पोरगी त्यांना ‘नाही’ म्हणाली नव्हती. लातूरच्या वीरण्णा स्मारक रुग्णालयात ‘नाही’ हा शब्द तसाही फारसा वापरात नव्हता. रुग्णालय सिद्रामप्पांनी उभं केलेलं, कारभार त्यांच्या मुलाचा म्हणजे उमाशंकर सरांचा, आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या.

शिवांगी तिथला संगणक विभाग होती. विभागात होती असं नाही, तीच विभाग होती. ती, एक मोडकी खुर्ची आणि एसी लावलेली खोली. त्या खोलीत दोन सर्व्हर. बघायला दोन काळे डबे, पण प्रत्येकाच्या पोटात सात-सात संगणक चालायचे, डोळ्यांना न दिसणारे. लॅबचे रिपोर्ट, एक्स-रे, औषधांचा साठा, अहमदपूर, मुदखेड आणि उमरीच्या शाखांमधल्या पेशंटांची माहिती, सगळं या दोन डब्यांवर. असल्या यंत्रणेत दर महिन्याला कुठेतरी भोक सापडतं आणि ते बुजवायला कंपनी पॅच पाठवते. तो बसवला नाही तर त्याच भोकातून चोर आत शिरतात, रिपोर्टांना कुलूप ठोकतात आणि खंडणी मागत बसतात. इकडे ऑपरेशनच्या टेबलावर पेशंट आणि त्याचा रक्तगट कुलपात, अशी पाळी येते. शिवांगीची झोप याच विचाराने उडालेली होती.

देखभालीचं कंत्राट पुण्याच्या एका कंपनीकडे होतं. त्यांचा माणूस दर महिन्याला तिकडूनच पॅच लावायचा प्रयत्न करायचा. काम एकोणीस टक्क्यांवर जायचं, अर्धा तास अडून बसायचं आणि बंद पडायचं. मग अहवाल यायचा. कधी ‘नेटवर्क संथ’, कधी ‘सर्व्हर बदलण्याची शिफारस’. गेल्या महिन्याच्या अहवालात तर सरळ लिहिलं होतं, ‘स्थानिक कर्मचाऱ्यास पुरेसे ज्ञान नाही.’ स्थानिक कर्मचारी म्हणजे शिवांगी. तिच्याकडे मुख्य पासवर्डच नव्हता. तिला नुसतं बघायची परवानगी, हात लावायची नाही. स्वयंपाकघराबाहेर उभं करायचं आणि भाजी करपली म्हणून तिलाच बोल लावायचा, असला हा न्याय. ते वाक्य वाचल्यापासून ती आतून धुमसत होती.

"मुख्य पासवर्ड द्या," ती म्हणाली. "तुमच्या तिजोरीत बंद पाकिटात हाय, मला ठाऊक हाय. आज संध्याकाळच्या आत पॅच बसवून दाखवते."

"कंपनीला विचारावं लागंल."

"विचारा. नाहीतर उद्या तपासणीवाल्यांना मी तोंडीच सांगते."

सरांनी फोन लावला. पलीकडचा साहेब रजेवर होता, त्याच्या जागी कुणी बोलायला तयार नव्हतं. तीनदा फोन करून झाल्यावर पाकीट तिच्या हातात पडलं. तेव्हा साडेदहा वाजले होते.

शिवांगीने घाई केली नाही. आधी सगळ्याची ताजी प्रत काढून घेतली, मग पुण्याच्या माणसाने अकरा महिन्यांत एकदाही वाचली नव्हती ती नोंद उघडली. सर्व्हर स्वतः काय काय करतो ते ओळीमागून ओळ लिहून ठेवतो, वाचणारा हवा. पॅच बसवायची रीत साधी आहे. पहिल्या डब्यातले सातही संगणक, चालू असतानाच, दुसऱ्या डब्यावर न्यायचे. रिकाम्या डब्याला पॅच लावायचा, तो बंद करून पुन्हा चालू करायचा, मग दुसऱ्याचा नंबर. नोंदीत स्पष्ट दिसत होतं. सहा संगणक मुकाट्याने हलायला तयार होते. सातवा, लॅबच्या रिपोर्टांचा, जागचा हलत नव्हता. ‘या संगणकाला या डब्याचे एक उपकरण जोडलेले आहे’, म्हणून तो अडून बसायचा आणि त्याच्यापायी पुढचं सगळंच अडायचं.

कसलं उपकरण? ती उठली, एसीच्या खोलीत गेली आणि पहिल्या डब्याच्या मागे टॉर्च मारला.

डब्याच्या पाठीत पेनड्राइव्ह खोचलेला होता. त्याला लाल दोऱ्याचे चार वेढे, आणि दोऱ्याची गाठ लोखंडी पट्टीला.

गेल्या खंडेनवमीला नव्या सर्व्हरची पूजा झाली होती. रुग्णालयातली सगळी हत्यारं त्या दिवशी पुजली जातात, कात्र्या, चिमटे, अँब्युलन्स, आणि त्या वर्षी हे दोन डबेही. मठाच्या स्वामींनी डब्यांवर विभूतीचे तीन-तीन पट्टे ओढले आणि ‘नमः शिवाय’च्या जपाचा पेनड्राइव्ह दिला. पहिल्याच दिवशी मशीनमधून जप ऐकू यावा, ही सरांची हौस. सर्व्हरला तो खोचून, लॅबच्या संगणकाशी जोडून स्पीकरवर लावला तो कुणी? शिवांगीने. तेव्हा कंत्राट सुरू व्हायचं होतं आणि मुख्य पासवर्ड तिच्याच हातात होता. मग सर म्हणाले, स्वामींच्या हातचा हाय, काढू नका. झाडणाऱ्या बाईने चुकून ओढू नये म्हणून दोरा बांधला तोही शिवांगीनेच. स्पीकर दुसऱ्या दिवशी गेला, पेनड्राइव्ह राहिला. पुढे जो कुणी त्या खोलीत आला त्याने हात जोडले. तिनेही जोडले होते. अकरा महिने पुण्याच्या नावाने बोटं मोडत बसलो आणि गाठ आपल्याच हातची निघाली, याची तिला लाज वाटली. तिने गाठीला हात घातला.

"तो काढायचा न्हाई," मागून आलेले सर म्हणाले. "अप्पांना काय सांगू? जुनी माणसं हायेत, मनाला लावून घेतील."

"मी सांगते."

सिद्रामप्पा रोजच्यासारखे ओपीडीसमोरच्या बाकावर बसले होते. वय एक्याऐंशी. येणाऱ्या प्रत्येक पेशंटाला गाव विचारायचं आणि त्या गावातलं कुणीतरी ओळखीचं काढायचं, हा त्यांचा सकाळचा उद्योग. शिवांगी त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली आणि पेनड्राइव्ह तिने स्वतः कसा लावला तिथपासून सगळं सांगितलं.

"त्यात काय हाय म्हणलीस?"

"जप हाय, अप्पा. स्वामींनी दिलेला."

"ऐकतंय का कुणी?"

"न्हाई. स्पीकर कवाच काढला."

अप्पा हसले. त्यांचा हात आपसूक छातीवरच्या, इष्टलिंग ठेवलेल्या चांदीच्या डबीकडे गेला. "आमचा देव ज्याच्या त्याच्या गळ्यात असतो बाई. त्याला डब्याच्या पाठीत कोंबून कशाला ठेवायचं? काढ ते."

तिने आधी पडद्यावरून लॅबच्या संगणकाशी असलेली त्याची जोडणी तोडली, मग गाठ सोडवायला गेली. गाठ सुटेना, तेव्हा कात्रीने कापली. पेनड्राइव्ह कपाळाला लावून टेबलाच्या खणात ठेवला आणि काम सुरू केलं.

एकोणीस टक्के. वीस. शिवांगीने श्वास सोडला. सातवा संगणक दुसऱ्या डब्यावर गेला आणि लॅबमध्ये रक्त तपासणाऱ्यांना पत्ताही लागला नाही. पण पॅच बसायची वेळ आली तर सर्व्हर म्हणाला, जागा नाही. का नाही? अकरा महिन्यांचे अर्धवट राहिलेले अकरा पॅच तिथेच पसरलेले. पुण्याच्या शहाण्याने दर वेळी नवा आणला, जुना उचलला नाही. तिने ते झाडून काढले आणि पुन्हा सुरुवात केली. पहिला डबा बंद होऊन चालू झाला, सातही संगणक सुखरूप परत आले. मग दुसरा. साडेचारला दोन्ही सर्व्हर आजच्या तारखेपर्यंत दुरुस्त होते. तिने जेवणाचा डबा उघडला तेव्हा पोळ्या वाळून गेल्या होत्या, तरी तिने त्या चवीने खाल्ल्या.

पाच वाजता तिला बोलावणं आलं. सरांच्या केबिनमध्ये अप्पाही बसले होते. टेबलावर तोच कागद आणि तेच पेन.

"शाबास," सर म्हणाले. "पुण्यावाल्यांचं नाक कापलंस. आता तर सगळे बसले न्हवं? आता कर सही."

"आज बसले, सर. कागदावर ‘दर महिन्याला’ लिहिलंय."

सरांनी वडिलांकडे बघितलं. अप्पांनी घसा साफ केला. "पोरी, उद्या शिक्का मिळाला न्हाई तर सरकारी योजना बंद पडंल. रोज पन्नास-साठ गरीब माणसं फुकट इलाज घेऊन राहिलेत. त्यांनी कुठं जायचं? कुणाचं नुकसान न्हाई यात. माझ्यासाठी कर."

सरांना नाही म्हणणं सोपं होतं. अप्पांना म्हणणं सोपं नव्हतं. याच माणसाने तिला नोकरी दिली होती, सकाळी तिची चूक हसण्यावारी नेली होती. आणि पन्नास-साठ माणसांची गोष्ट खोटी नव्हती.

"अप्पा, दुसरं काहीबी सांगा, करते. हे न्हाई. मशीनमध्ये तारखेसकट नोंद हाय. उद्या त्यांनी उघडून बघितली तर शिक्का जाईलच, वर आपुन खोटारडे ठरू. आन् न्हाई बघितली तरी चोर काय आपला कागद वाचून परत जाणार हायेत? त्या माणसांचे रिपोर्ट माझ्या हवाली हायेत. त्यांच्याच नावाने मी खोटं लिहू?"

शिवांगीने पिशवीतून स्वतः टाइप केलेला कागद काढून अप्पांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं. ‘अकरा महिने एकही पॅच बसला नाही. पहिल्या सर्व्हरला पेनड्राइव्ह जोडून ठेवला होता. तो मी जोडला. देखभाल करणाऱ्या कंपनीने नोंदी वाचल्या नाहीत. आज सर्व पॅच बसवले, नोंदी सोबत जोडल्या आहेत.’ खाली शिवांगीची सही, अगदी ठसठशीत.

"स्वतःचं नाव कशाला घातलंस, येडे?" सर उसळले. "पुण्यावाल्यांवर ढकलायचं सोडून!"

"लावला मीच होता. त्यांचं होतं ते त्यांच्या नावावर लिहिलंय."

अप्पांनी चष्मा काढला. कागदाची घडी घालत ते म्हणाले, "राहू दे माझ्याजवळ. रातभर विचार करतो."

"करा अप्पा. त्याच्या तीन प्रती काढल्यात. तुम्ही काहीबी ठरवा, मी उद्या तपासणीवाल्यांच्या हातात एक देणार."

सरांनी टेबलावर हात आपटला. पेन घरंगळून खाली पडलं. "लई शिकलीस न्हवं? तुझी बदली उमरीला! तिथं एकच संगणक हाय, त्याच्यासमोर बसून ऱ्हा जन्मभर. आत्ता ऑर्डर काढतो!"

शिवांगीने खाली वाकून पेन उचललं, टोपण काढलं आणि त्यांच्यासमोर धरलं.

"काढा, सर. जाईन मी उमरीला. तिथला संगणकबी अकरा महिन्यांत कुणी बघितला नसंल. पण ऑर्डरवर तारीख परवाची टाका. उद्या अकरा वाजता मी लातूरलाच हाय."