पोटाचे दोन इंच

आमच्या दुकानात मापं बायको घ्यायची आणि मी वहीत लिहायचो. गिऱ्हाईक पोटानं सुटलेलं असलं की ती पोटाचं माप दोन इंच कमी सांगायची. कापताना मी ते दोन इंच वाढवून धरायचो. एकतीस वर्षं हे चाललं, कोणाला पत्ता लागला नाही. "माणूस हौसेनं कपडे शिवायला येतो," ती म्हणायची, "त्याला टेपनं कशाला लाजवायचं?"

ती गेली त्याला आठ महिने झाले. मुलगी म्हणते, बाबा, दुकान बंद करा, माझ्याकडे या. मी टाळतो.

त्या दिवशी सकाळी निवृत्त पोस्टमन नवा कोट घालूनच दारात उभे राहिले.

"मास्तर, ह्या कोटात मी एकट्यानंच राहायचं की भाडेकरू ठेवू?"

मी टेप लावली. पोट बेचाळीस. वहीतही बेचाळीसच.

"वहिनींच्या हातून असं झालं नसतं," ते म्हणाले, आणि लगेच ओशाळले. "घाई नाही हो. सावकाश करा." कोट टेबलावर ठेवून निघून गेले.

असे सैल कपडे घेऊन परत आलेलं हे चौथं गिऱ्हाईक. आधी मी चष्म्याला दोष दिला, मग वयाला. आता वही आणि कागदावरचं कटिंग शेजारी ठेवून पाहिलं. कागदावर चव्वेचाळीस. माप मीच घेत होतो, खरं तेच लिहीत होतो, आणि कापताना तिचे दोन इंच वाढवत होतो.

मी खुर्चीत बसून राहिलो. दुकानात मशीनचा आवाज नसला की फार मोकळं वाटतं, नको इतकं.

दुकान उघडल्यावर ती रोज मशीनवर हात ठेवून म्हणायची, "देवा, आज जे येईल ते तुझ्याकडून." चांगल्या दिवसांत मीही पुटपुटायचो. मग तिचा रिपोर्ट आला. दुसऱ्या दिवशीही ती तेच म्हणाली.

मी विचारलं, "हेही त्याच्याकडून?"

"मग कोणाकडून? आपल्याला दुसरं कोण ओळखतं?"

त्या दिवशी मी तिच्याशी बोललो नाही. देवाशी तर तेव्हापासून नाहीच.

पण खुर्चीत बसल्या बसल्या मला ते दिवस आठवले, जे मी आठवायचे टाळत होतो. ती मागच्या खोलीत पडून असायची. अंगावरचे कपडे सैल व्हायचे, ते मी आठवड्याला आवळून द्यायचो. त्यासाठी पहिल्यांदाच मी तिचं माप घेतलं. कंबर सव्वीस भरली. मी मोठ्यानं म्हणालो, "अठ्ठावीस."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. खोकला येईपर्यंत हसली. पुढे दर आठवड्याला ती वाट बघायची, आज मी किती खोटं सांगतो त्याची. इतकं हसताना मी तिला दुकानाच्या भरभराटीतही पाहिलं नव्हतं.

ते हसू मला कोणी दिलं? देवानं दिलं म्हणायचं, तर ते त्याच आजाराच्या खाटेवर दिलं. हसू ठेवून घेतो आणि खाट तू परत घे, असं सांगायला मला तोंड नव्हतं.

मी कोट उलटा केला, ब्लेड घेतलं आणि बाजूची शिवण उसवायला लागलो. उसवता उसवता देवाशी बोललो. पहिली तक्रारच केली. एवढी घाई काय होती, असं विचारलं. शेवटच्या आठवड्यात तिला पाणीही गिळता येत नव्हतं, तेही ऐकवलं. मला स्वयंपाक येत नाही आणि जेवताना समोर कोणी नसतं, हेही. मग सव्वीसचे अठ्ठावीस सांगितले.

बोलून झालं तेव्हा कोटाच्या दोन्ही बाजू उसवून झाल्या होत्या. मी मशीनमध्ये दोरा ओवला.