परातीत दिसलेला अमृत

रविवारची दुपार झाली की आटपाडीकडच्या त्या वाडीत चावडीपुढं चपला काढायला जागा उरत नसे. आत दृष्टीमहाराज बसत. पुढ्यात पाण्यानं भरलेली पितळी परात, मांडीवर तांबड्या फडक्यात गुंडाळलेली पोथी. पोथीला हात लावणाऱ्याचे डोळे जातात, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. त्यामुळं पोथीची भाषा, पानं, काहीच कुणाला ठाऊक नव्हतं.

दिवाळी सरली की वाडीतली तरणी माणसं मेंढरं घेऊन कृष्णाकाठी उतरत. आज या रानात तळ, दोन दिवसांनी त्या. मागं राहिलेल्या आयांना पोराची काळजी, आणि महाराजांना ती काळजी बरोबर कळलेली.

"धुकं... हटतंय धुकं... उसाचा खोडवा... उजव्या अंगाला कॅनॉल... इस्लामपूरच्या अलीकडं!"

आई फोन लावी. पलीकडून पोरगा म्हणे, "व्हय, तिथंच हाय. तुला कुणी सांगितलं?" की अख्खी चावडी हात जोडी.

हरणाबाईही जोडी. पण तिचे डोळे तेवढे मिटत नसत. दोनशे मेंढरांतलं एक लंगडतंय हे लांबून हेरणारी बाई ती. तिचा सासरा तर उद्याचा तळ सख्ख्या पाहुण्यालाही सांगत नसे. कुणी विचारलंच तर उलटी दिशा दाखवायचा. तो तळ महाराज भर चावडीत ओरडून सांगत होते.

त्या रविवारी महाराज तिच्याकडं वळले. "हरणाबाई, तुझ्या अमृतवर काळी सावली हाय. येत्या अवसेला त्यानं इथं यावं. चुलत्यालाबी आणावं. तळावर एक माणूस ठिवू नको. मेंढरं मी इथनं राखतो."

मागच्या अवसेला वाडीतल्या गुंडा नावाच्या पोराला असंच तळ सोडून बोलावलं होतं. तो परतला तेव्हा अठरा मेंढरं गायब आणि रानात टेम्पोच्या चाकोऱ्या. महाराज म्हणाले होते, देवानं आपला वाटा नेला. देवाला टेम्पो कशाला लागतो, हे तिला तेव्हाच विचारायचं होतं.

"म्हाराज, आत्ता कुठं हाय माझं पोर?"

परातीत फुंकर पडली. पोथी जराशी उघडली, मिटली. "इस्लामपूर. बाजारपेठ. काचंची दुकानं!"

घरी येऊन तिनं दिराला, जोतीरामला, फोन लावला. त्याच्याकडं जुना बटणाचा फोन होता.

"भावजी, अमृत इस्लामपुरात काय करतोय?"

"कसलं इस्लामपूर, वयनी? हितं कोकरू पाजतोय की. आमी पलूसकडं सरकून तीन दिस झालं."

"मग तिथं कोण हाय?"

"कोण न्हाई. त्याचा फोन हाय दुकानात. काच फुटली, म्हणून टाकलाय दुरुस्तीला."

हरणाबाईनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. देवाला पोरगा दिसत नव्हता, फोन दिसत होता. मग तिनं लेकीला फोन केला. प्रांजल मिरजेच्या एका दवाखान्यात नर्सिंग शिकत होती. प्रांजल सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "आये, दादाचा फोन मी घेऊन येते मिरजेला. पुढचं तू बघ."

अवसेच्या आदल्या दिवशी हरणाबाईनं महाराजांना सांगून ठेवलं, की तळ पलूसजवळच्या उसाच्या रानात आहे आणि उद्या तिथं कुणी नसणार. अवसेला चावडी गर्दीनं फुटायची तेवढी बाकी होती. सगळ्यात मागं एक जण डोक्यावरनं घोंगडं घेऊन बसला होता.

हरणाबाई पुढं सरकली. "म्हाराज, अमृत निघालोय म्हणाला, अजून पोचला न्हाई. बघा की वाईच."

पोथी उघडली. महाराज दचकले, आणि सावरलेही. "मिरज! मोठा दवाखाना... पांढरी चादर... रक्त, आयाबायांनो, रक्त!"

बायकांनी हंबरडा फोडला.

"खाटंवर हाय का ओ?"

"खाटंवर! शुद्ध न्हाई त्याला!"

"आन् मेंढरं?"

"मेंढरांचा नाद सोड आता!"

"बरं," हरणाबाई मागं वळली. "अमृत, ये रं बाबा शुद्धीवर."

घोंगडं खाली पडलं. अमृत उभा राहिला. हरणाबाईनं शेजारणीचा फोन मोठ्या आवाजावर टाकून लेकीला लावला.

"प्रांजल, दादाचा फोन कुठं हाय गं?"

"माझ्या ॲप्रनच्या खिशात."

"भोवतीनं रक्त?"

"डबा खातेय, आये. शेवग्याची आमटी हाय."

कुणी हसायच्या आत अमृतनं पोथी ओढली. डोळे कुणाचेच गेले नाहीत. आत मोबाइल होता, त्यावर नकाशा, आणि नकाशाभर वाडीतल्या पोरांची इवली इवली तोंडं, जिथं जिथं तळ तिथं. खातं होतं अपेक्षा नावाच्या, ओढणी घेतलेल्या देखण्या पोरीचं. अवसेला गावी आलेली पोरं खाली बघायला लागली. अपेक्षाची मैत्री कुणीच नाकारली नव्हती.

फोनवर प्रांजल समजावून सांगत होती, "त्या ॲपात आपली जागा चालू ठेवली की यादीतल्या सगळ्यांना दिसत ऱ्हाते. त्यात चमत्कार काय हाय?"

तेवढ्यात जोतीरामचा फोन आला. तळावर टेम्पो आला होता. हरणाबाईच्या सांगण्यावरनं गुंडा आणि पाच जण काठ्या घेऊन तिथंच उसात दबा धरून बसले होते. टेम्पो धरला, पोलिसांना कळवलं. महाराज उठायला लागले, तर चपला सापडेनात.

संध्याकाळी अमृत आईला म्हणाला, "आये, सगळंच वाईट न्हाई त्यात. रानात साप चावला, ताप आला, तर प्रांजलला कळावं म्हणून चालू ठिवलं हुतं."

"मग प्रांजललाच दाव की. ज्याला तू आपल्या ताटातली भाकरी मोडून देशील, त्याला दाव. गावाला कशापायी?"

प्रांजलनं मिरजेत त्याची यादी उघडली आणि एकेक नाव फोनवर त्याला वाचून दाखवत गेली. तीनशे बारा नावं. अमृतनं चाळीस ओळखली.

महाराज आता कोठडीत आहेत. परात चावडीत पालथी पडली आहे. पण परातीत डोकावण्याआधी माणसानं एवढं विचारावं, की हे सांगणाऱ्याला कळलं कसं. आणि आपला ठावठिकाणा दाखवण्याआधी एवढंच, की बघतंय कोण. ओळखीची चाळीस आणि अपेक्षाचं एक नाव वजा केल्यावर अमृतच्या यादीत दोनशे एकाहत्तर उरली. ती माणसं कोण आहेत, हे त्याला अजून सांगता आलेलं नाही. त्याचा तळ मात्र त्यांना महिनोन् महिने दिसत होता.