हिरवा गोल

माझ्या सुनेला डोळ्यांनी दिसत नाही, आणि तरी या घरातलं सगळ्यात जास्त तिलाच दिसतं. लग्नात नाक मुरडणाऱ्या माझ्या नणंदेला मी हे तोंडावर ऐकवलं होतं.

तिचं काम असं, की लोकांनी बनवलेल्या वेबसाइटी न बघता वापरता येतात का ते तपासायचं. कॉम्प्युटरमधला आवाज तिला पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतो. इतका भरभर, की मी त्याला पोपट म्हणते.

परवा पेन्शनवाल्यांची साइट तपासायला आली. वर्षातून एकदा त्यावर आपण जिवंत आहोत हे दाखवायचं, नाहीतर पेन्शन बंद. तपासणी बघायला तिचा साहेब व्हिडिओ कॉलवर होता. कशालाही "होऊन जाईल" म्हणतो, म्हणून घरात त्याचं नावच होऊन-जाईल. मी शेजारी मटार सोलत बसले होते.

पोपट म्हणाला, "कॅमेऱ्यासमोर बसा. गोल हिरवा झाला की डोळे मिचकावा."

गोल हिरवा झाला. पोपट मात्र मुका. सून आपली वाट बघत बसलेली. माझा जीव खालीवर. माझी सून, आणि नापास? मी टेबलाखालून पायानं ढोसलं. तिनं दचकून डोळे मिचकावले.

"नोंद झाली," पोपट बोलला.

"झकास! पास!" म्हणून होऊन-जाईलनं कॉल बंदही केला.

"आई, का ढोसलंत?"

"अगं, हिरवं झालं होतं."

"मग पास तुम्ही झालात. मी नापास व्हायला हवी होते. त्याशिवाय साइटची खोट कळणार कशी?"

चौथी शिकलेली माझी अक्कल तिथं उघडी पडली. सुनेनं लगेच स्पीकरवर साहेबाला फोन लावून खरं ते सांगितलं. तर तो काय म्हणतो?

"मॅडम, प्रत्येकाच्या घरी कुणीतरी डोळस असतंच की. उद्या साइट सुरू होतेय. संध्याकाळपर्यंत पासच्या अहवालावर सही करा, नाहीतर पुढची कामं दुसऱ्याला द्यावी लागतील."

"आणि ज्याच्या घरी कुणीच नाही, तो?"

"होऊन जाईल हो!"

माझं टाळकं सणकलं. काय होऊन जाईल? धडधाकट माणूस कागदावर मरून जाईल! ज्याला दिसत नाही त्याला म्हणे रंग बघून डोळे मिचकाव. टकल्याला विचारावं, भांग कुठं पाडू? मी फोन हिसकावलाच.

"साहेब, सासू बोलतेय. पास ती नाही, माझा पाय झालाय. पुन्हा कॉल लावा."

"काकू, तुम्हाला यातलं..."

"यातलं नाही कळत, पण लबाडी कळते. कॉपी मी केली, मग खोटी सही तिनं का करायची? लावा कॉल. मी दाराशी बसते, पाय तुम्हाला दिसतील असे."

लावला बापड्यानं. मी दाराशी, पाय पोटाशी घेऊन. गोल हिरवा झाला. सून मान ताठ ठेवून बसलेली. पोपट गप्प. "आता, आता" माझ्या जिभेच्या टोकावर आलं. मी पदर तोंडात कोंबला. उभ्या जन्मात इतका वेळ मी गप्प बसलेली नाही.

"वेळ संपली. आपण हयात असल्याची नोंद झाली नाही."

तिनं पुन्हा केलं. मग तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा तेच. माझी जितीजागती सून समोर श्वास घेतेय, आणि तो मेला यंत्रातला पोपट सांगतोय की ही नाहीच!

"ऐकलंत, सर? मी नापास लिहितेय," सून म्हणाली.

होऊन-जाईल हळूच म्हणाला, "लिहा. उद्याचं थांबवतो."

तिनं त्याच्यादेखत अहवाल पाठवला आणि दाराकडे मान वळवली. "आई, काढा पदर. बोला आता."

मी बोलले. होऊन-जाईलनं कॉल बंद करायची घाई केली, म्हणून त्याला अर्धंच ऐकू गेलं.