संध्याकाळची गोळी

आसगावच्या सोमाजी आणि घनश्याम या दोघा भावांना दोन सख्ख्या बहिणी दिलेल्या. थोरली कुंताबाई सोमाजीची, धाकटी चंदा घनश्यामची. पंचवीस वर्षं त्या एका अंगणात जावा म्हणून नांदल्या. चाळिशीनंतर आधी कुंताबाईची बोटं सुजू लागली, दोन वर्षांनी चंदाची. सकाळी मूठ वळत नसे. गावातल्या बायका रोवण्याला, भाताची रोपं लावायला, चिखलाच्या बांधीत उतरत, तेव्हा या दोघी घरी राहून तळहातांनी चुलीवरचं भाताचं पातेलं उतरवत.

नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात संधिवातावरच्या नव्या गोळीची चाचणी सुरू असल्याचं कळलं आणि सोमाजीने दोघींनाही नेलं. नावं नोंदवणाऱ्या रिताने समजावून सांगितलं. शरीराची राखण करणाऱ्या पेशीच चुकून सांध्यांवर तुटून पडतात. तसा हुकूम पोचवणारं एक एन्झाइम त्यांच्या आत असतं. गोळी त्या एन्झाइमला अडवते, हुकूम पोचत नाही आणि सूज उतरते. हे कुंताबाईला नीट समजलं.

दोघींचं रक्त तपासलं, छातीचे फोटो काढले. आठवड्याने कुंताबाईला घेतलं. चंदाला मात्र रिता म्हणाली की तुमचं यात बसत नाही, हा कागद गावाकडच्या दवाखान्यात दाखवा. कागद इंग्रजीत होता. काहून बसत नाही, असं चंदाने विचारलंही, पण रिताने तोवर पुढचं नाव पुकारलं होतं. जागा संपल्या असाव्यात असं समजून चंदाने कागद घरी पेटीत टाकला.

गोळी दिवसातून दोनदा होती. महिन्याभरात कुंताबाईची मूठ वळली. त्या वर्षी ती रोवण्याला गेली, आणि चंदा शेताच्या धुऱ्यावर बसून बघत राहिली. त्या संध्याकाळी ती म्हणाली, "बाई, एक मले दे. तुले सकाळची पुरते."

कुंताबाईने दोन दिवस नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी चंदाला दोन्ही मनगटांत गिलास दाबून पाणी पिताना पाहिलं, आणि तेव्हापासून संध्याकाळची गोळी चंदाची झाली. रिकाम्या पट्ट्या दर महिन्याला नागपूरला परत जात, हिशेब बरोबर भरे. कुंताबाईची बोटं पुन्हा ठणकू लागली होती, ते तिने कुणाला सांगितलं नाही. दिवाळीत दोघी बहिणींनी मिळून चकल्या पाडल्या.

थंडीत चंदाला ताप भरू लागला. महिन्याभरात तिची हाडं दिसायला लागली, तेव्हा घनश्यामने तिला भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं, सोबत कुंताबाई आणि सोमाजी होते. टीबी निघाला, फुप्फुसापासून पोटापर्यंत पसरलेला. एखादं औषध सुरू होतं का, असं डॉक्टरांनी विचारलं. चंदा नाही म्हणाली. मागे उभ्या असलेल्या कुंताबाईने मग सगळं सांगून टाकलं.

सोमाजीने घरून चंदाच्या पेटीतला कागद आणून दिला. डॉक्टरांनी तो वाचला आणि सांगितलं की चंदाच्या अंगात टीबीचे जंतू आधीपासून निजलेले होते. ज्या पेशी सांधे खात होत्या, त्याच या जंतूंना कोंडून होत्या. गोळीने त्यांचा हुकूम तोडला आणि जंतू मोकळे झाले. आधी यावर उपचार करावेत, तोवर ही गोळी देऊ नये, एवढंच त्या कागदावर होतं.

"हे कोणी मराठीत सांगतलं असतं," कुंताबाई म्हणाली, "त माह्या हातानं मी देल्ली असती काय?"

नागपूरला कळवावं लागेल, एवढं डॉक्टर म्हणाले.

बाहेर नातेवाईक जमले होते. घनश्याम त्यांच्यासमोर म्हणाला, "मनाई केलेली दवाई चारली इनं माह्या बायकोले. सोताचाच हात चालावा, तिचा नाही, म्हणून मारून टाकाले निघाली."

कुंताबाईने खाटेवरच्या चंदाकडे पाहिलं. गोळी आपणच मागून घेतली, एवढंच चंदाने सांगायचं होतं. तिने तोंड भिंतीकडे केलं.

कुंताबाईचं नाव चाचणीतून कमी झालं. रिताचा फोन आला, तिला फक्त गोळी दिल्याच्या तारखा हव्या होत्या. तुम्ही तेव्हा सांगितलं का नाही, असं कुंताबाईने विचारल्यावर ती म्हणाली की कागदावर लिहिलं होतं.

चंदाचा इलाज नऊ महिने चालला आणि ती बरी झाली. गोळी बंद झाल्यावर कुंताबाईची बोटं आधीपेक्षा जास्त वाकडी झाली. घनश्यामने चूल वेगळी केली. लग्नकार्यात बायका कुंताबाईच्या हातचं पाणी घेईनाशा झाल्या.

एका दुपारी घनश्याम पवनीला गेला असताना चंदा दारात आली. तिचीही बोटं पुन्हा सुजली होती.

"बाई, एखादी गोळी उरली हाये काय?"

कुंताबाईने तिच्याकडे पाहिलं. "तूच मांगितली होती, हे घनश्यामले सांगशील?"

"आता कायले? तो मले घरात नाही ठेवणार."

"नाही उरली," कुंताबाई म्हणाली. "जाताना दार लोटून घे. माह्यानं होत नाही."